माजी विद्यार्थी संघाचा इतिहास लिहिताना: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

संघाच्या रौप्य किंवा सुवर्णमहोत्सवानिमित्त इतिहास लिहायला घेतलेल्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आली. जुनी कागदपत्रे, न्यास कायदा आणि ग्रंथनिर्मिती या विषयांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून त्यांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाला २०२६ मध्ये पन्नास वर्षे होतात. पहिला मेळावा १९७६ साली गडकरी रंगायतनमध्ये झाला असे ज्येष्ठ सभासद सांगतात. नोंदणी प्रमाणपत्रावर मात्र १९८४ आहे. यावरून कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. स्थापना कोणती धरायची? (एक सहचिटणीस, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आधी एक गोष्ट पाहा. राम गणेश गडकरी रंगायतन सुरू झाले १९७८ मध्ये. म्हणजे १९७६ हे साल बरोबर असेल तर मेळावा तिथे झालेला नाही, आणि मेळावा तिथे झाला असेल तर साल चुकले आहे. बहुधा इथे दोन कार्यक्रम एकमेकांत मिसळले आहेत. एक लहानसा, महाविद्यालयाच्याच वर्गात भरलेला. दुसरा मोठा, दोन-चार वर्षांनी रंगायतनात झालेला. आठवणींच्या बाबतीत हे फार वेळा होते. लहान कार्यक्रमाचे साल आणि मोठ्या कार्यक्रमाची जागा एकत्र लक्षात राहते. ज्येष्ठांना खोटे पाडायची गरज नाही, दोन्ही कार्यक्रमांचा कागद शोधायला हवा.

आता मुख्य मुद्दा. कुठल्याही संघाला किमान तीन जन्मतारखा असतात. मंडळी पहिल्यांदा जमली ती एक. घटना मंजूर होऊन कार्यकारिणी निवडली गेली ती दुसरी. सरकारदरबारी नोंद झाली ती तिसरी. महाराष्ट्रात या तिसऱ्या तारखेच्याही पुन्हा दोन असतात, कारण असा संघ आधी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदला जातो (त्याला किमान सात सभासद लागतात) आणि मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली सार्वजनिक न्यास म्हणून. दोन प्रमाणपत्रे, दोन क्रमांक. न्यासाच्या क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असते. दोन्ही प्रमाणपत्रांच्या तारखांत काही महिन्यांचे अंतर पडू शकते, आणि अनेक स्मरणिकांमध्ये एकाच संघाची दोन स्थापनावर्षे छापली जातात ती यामुळेच. तुमच्याकडचे १९८४चे प्रमाणपत्र या दोहोंपैकी कोणते, ते आधी पाहून घ्या.

पुराव्याची उतरंड अशी लावा. सर्वांत वर त्या काळीच लिहिलेले इतिवृत्त, सह्यांसकट. त्याखाली पावती पुस्तकाच्या स्थळप्रती, बँकेचे पासबुक, हॉलच्या भाड्याची पावती. मग छापील निमंत्रणपत्रिका. पत्रिका छापली म्हणजे कार्यक्रम झालाच असे नाही, म्हणून ती पावतीच्या खाली. त्यानंतर महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक आणि प्राचार्यांचा वार्षिक अहवाल. हे दोन्ही ग्रंथपालांकडे बांधीव मिळतात आणि नेमके तेच पाहायचे राहून जाते. पुढच्या काळातल्या स्मरणिका त्याखाली, आणि तोंडी आठवणी सर्वांत शेवटी. शेवटी याचा अर्थ कमी मोलाच्या असा नव्हे. तारखेच्या बाबतीत शेवटी, एवढेच.

इतिवृत्त वाचताना एक सवय लावून घ्या. प्रत्येक सभेचे इतिवृत्त वाचून झाले की पुढच्या सभेचा पहिला विषय वाचायचा. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ एवढेच असेल तर ठीक. ‘दुरुस्तीसह कायम’ असे असेल, तर आधीच्या पानावरचा एखादा आकडा किंवा नाव चुकीचे होते, आणि दुरुस्ती फक्त इथेच सापडेल. उपस्थितांच्या सह्या आणि मजकुरातली नावेही ताडून पाहा. ठरावाला सूचक म्हणून ज्यांचे नाव आहे त्यांची सहीच नाही, असे आढळले तर ते पान नंतर लिहिलेले असू शकते.

तारीख नसलेले लेटरहेड हाती आले तर छापील मजकूर मदत करतो. पत्त्यात पिनकोड आहे का? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आले. विद्यापीठाचे इंग्रजी नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’? हा बदल सप्टेंबर १९९६चा. अर्थात जुनी लेटरहेडे संपेपर्यंत वापरली जातात, त्यामुळे ‘बॉम्बे’ दिसले म्हणून पत्र १९९६ पूर्वीचेच असे म्हणता येत नाही. उलट मात्र नक्की म्हणता येते: ‘मुंबई’ छापलेले लेटरहेड त्याआधीचे नाही.

आता महोत्सवाचे. १९७६च्या मेळाव्याचा एक जरी समकालीन कागद मिळाला, तर निमंत्रणपत्रिकेवर ‘पहिल्या मेळाव्याची पन्नास वर्षे’ असे छापा. ‘स्थापना १९७६’ नको. पुस्तकात तिन्ही तारखा, प्रत्येकीचा आधार देऊन, पहिल्याच प्रकरणात याव्यात. कागद मिळाला नाही तर ‘ज्येष्ठ सभासदांच्या आठवणीनुसार’ हे शब्द गाळू नका. दोन तट मिटवायला याहून सोपा मार्ग नाही, कारण यात दोघांचेही म्हणणे जसेच्या तसे छापले जाते.

प्रश्न : नोंदणीची मूळ फाइल संघाकडे नाही. धर्मादाय कार्यालयातून नकला मिळतात का? (खारघर)

उत्तर : मिळतात. फक्त आधी कार्यालय कोणते ते नक्की करा, निम्मे हेलपाटे तिथेच होतात. नवी मुंबई महापालिकेचा भाग, म्हणजे ऐरोली-दिघ्यापासून बेलापूरपर्यंत, ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे फाइल अलिबागच्या कार्यालयात. पण महाविद्यालय कुठे आहे याला इथे महत्त्व नसते. संघाचे नोंदणीकृत कार्यालय ज्या पत्त्यावर दाखवले, त्या जिल्ह्यात फाइल असते. सुरुवातीच्या काळात हा पत्ता पुष्कळदा चिटणिसांच्या घरचा असे. ते दादरला राहत असतील तर नोंदणी बृहन्मुंबईची, म्हणजे वरळी. ठाण्याला ‘अशी संस्था नाही’ म्हणून उत्तर मिळाले तर निराश न होता जुन्या पावत्यांवरचा पत्ता पाहा.

धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नावाने किंवा क्रमांकाने शोध घेता येतो. नावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळे करून पाहा. ‘माजी विद्यार्थी’, ‘अल्युम्नाय’, ‘एक्स स्टुडंट्स’ हे सगळे शब्द वापरात होते. क्रमांक हाती आला की विद्यमान पदाधिकाऱ्याच्या सहीने, संघाच्या लेटरहेडवर, प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करायचा. काय काय हवे ते नावानिशी लिहा: विधानपत्र व नियमावली, अनुसूची एकचा (न्यासाच्या सरकारी नोंदवहीचा) उतारा, आजवरचे सर्व बदल अर्ज आणि त्यांवरील आदेश, लेखापरीक्षित हिशेबपत्रके. ‘संपूर्ण फाइलची प्रत’ असे मोघम लिहिले की अर्ज रेंगाळतो.

यातले बदल अर्ज हे इतिहासकाराच्या दृष्टीने सोने. विश्वस्तांत बदल झाला की न्यास कायद्याच्या कलम २२ खाली नव्वद दिवसांत कळवावे लागते, आणि सोबत निवडणुकीच्या सभेची नोटीस व ठराव जोडावे लागतात. संघाच्या कपाटातली वही हरवली असली तरी तिची पाने इथे जोडपत्र म्हणून सापडू शकतात.

अनुसूची एकवर अजूनही जुन्या मंडळींचीच नावे असतील, तर मधल्या काळात बदल अर्ज दाखल झालेले नाहीत किंवा प्रलंबित आहेत. इतिहासाच्या कामासाठी ही माहिती मोलाची आहे, संघासाठी मात्र काळजीची. वर्षानुवर्षे काहीच न कळवणाऱ्या न्यासाची नोंदणी रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहे. पुस्तक बाजूला ठेवून आधी वकिलाकडे जा.

प्रश्न : माजी विद्यार्थी संघ ही कल्पना आली कुठून? मुंबई विद्यापीठाचा असा एकच मोठा संघ डोळ्यांसमोर का येत नाही? (नेरुळ)

उत्तर : जगातली सर्वांत जुनी माजी विद्यार्थी संघटना म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजच्या संघटनेचे नाव घेतले जाते. साल १८२१. त्या वर्षी कॉलेजचे अध्यक्ष काही विद्यार्थ्यांसह अ‍ॅमहर्स्टला निघून गेले आणि कॉलेज टिकते की नाही अशी वेळ आली. तेव्हा ते सावरण्यासाठी जुने विद्यार्थी एकत्र आले. म्हणजे पहिला संघ स्नेहभोजनासाठी निघाला नव्हता.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७चे, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचे. विद्यापीठ परीक्षा घेई, पदवी देई, शिकवणे महाविद्यालयांकडे. १८६२ मध्ये पहिले बी.ए. झाले ते चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पदवी विद्यापीठाची, पण रोजचा वर्ग, शिक्षक, ग्रंथालय सगळे महाविद्यालयाचे. जिव्हाळा जडला तो तिथेच. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते याच रचनेत आहे. संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठात संघ महाविद्यालयाचा किंवा एखाद्या विभागाचा होतो, सबंध विद्यापीठाचा व्हायला जड जातो.

त्याही आधीचे एक उदाहरण मात्र सांगायलाच हवे. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखा होत्या, आणि १८४९ पासून तिने मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या. दादाभाई नौरोजी यात होते. आजच्या अर्थाने हा माजी विद्यार्थी संघ नव्हे. पण शिकून बाहेर पडलेल्यांनी जोडलेले राहून समाजासाठी काहीतरी उभे करायचे, ही रीत मुंबईत विद्यापीठाहून जुनी आहे, आणि आपल्या संघांच्या इतिहासात तिचा साधा उल्लेखही नसतो याचे वाईट वाटते.

ठाण्यापुरते बोलायचे तर विद्या प्रसारक मंडळ १९३५चे, पण त्यांचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९६९चे. तोवर ठाण्याची मुले आगगाडीने मुंबईच्या महाविद्यालयांत जात. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, त्यामुळे तिथले संघ आणखी तरुण. याचा व्यावहारिक अर्थ असा की ठाण्यातल्या पहिल्या तुकड्यांचे विद्यार्थी आज सत्तरी ओलांडलेले आहेत. मुलाखती आधी, छपाईची अंदाजपत्रके नंतर.

प्रश्न : संघाची १९७८ ते १९९१ची इतिवृत्ते लोखंडी कपाटात होती. पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि पाने चिकटली, काहींवर हिरवट-काळी बुरशी आहे. उन्हात वाळवली तर चालेल का? लॅमिनेशन करावे का? (कळवा)

उत्तर : दोन्ही नको. उन्हाने शाई उडते आणि कागद कडक होऊन वळतो. लॅमिनेशन तापवून केले जाते आणि पुन्हा काढता येत नाही. आतला कागद आम्लामुळे पिवळा पडायचा तो पडतोच.

कागद अजून ओले असतील तर घाई करा, कारण दमट हवेत साधारण ४८ तासांत बुरशी धरते. वही उभी करून पाने पंख्यासारखी थोडी उघडा. दर दहा-पंधरा पानांमागे टिपकागद किंवा छपाई न झालेला न्यूजप्रिंट घाला आणि तो ओला झाला की बदला. छापलेले वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. टेबलपंखा वहीवर थेट न सोडता खोलीत हवा खेळेल असा ठेवा. वह्या पुष्कळ असतील आणि सगळ्यांकडे एकदम लक्ष देता येत नसेल, तर प्रत्येक वही वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवली की बुरशी थांबते. मग एकेक बाहेर काढून वाळवता येते.

चिकटलेली पाने ओढू नका. पान पूर्ण कोरडे झाल्यावर पातळ, बोथट प्लास्टिकची पट्टी कडेने सरकवून पाहा. सुटत नसेल तर तिथेच थांबा आणि कागद-संवर्धकाकडे द्या. शाईच्या दौतपेनाने लिहिलेल्या पानाला ओले फडके अजिबात लावू नका, अक्षरे जातात. बॉलपेन पाण्याला बऱ्यापैकी टिकते, पण शिक्क्याची जांभळी शाई टिकत नाही.

वाळलेली बुरशी काढताना एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे घाला, आणि काम गच्चीत किंवा व्हरांड्यात करा. मऊ, रुंद ब्रशने पानाच्या मधून बाहेरच्या बाजूला, स्वतःपासून दूर झाडायचे. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे काम करू नये. ब्रश नंतर टाकून द्या.

यानंतर टाचण्या आणि यू-पिना काढा. खाडीकाठच्या हवेत त्या गंजतात आणि पानाला तपकिरी भोक पडते. ओढून काढू नका. मागची दोन टोके चाकूच्या पात्याने उघडून वर उचला. सेलोटेप नव्याने लावू नका. थर्मल कागदावरचे फॅक्स आधी स्कॅन करा, कारण त्यांतला मजकूर डोळ्यांदेखत फिका होत जातो.

स्कॅन ३०० डीपीआयला, रंगीत. काळ्या-पांढऱ्यात शिक्के आणि दुरुस्त्यांची शाई ओळखू येत नाही. छायाचित्रे ६०० डीपीआय. बांधीव वही सपाट स्कॅनरवर दाबली तर पाठ तुटते, तिच्यासाठी मोबाइल स्टँडवर लावून वरून फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड ठेवून. कोरी पानेसुद्धा घ्या, नाहीतर मधले पान फाडलेले की मुळातच कोरे, हा वाद पुढे होतो. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी पान क्रमांक, म्हणजे सगळे आपोआप क्रमाने लागते. तीन प्रती करा आणि त्यांतली एक संघाच्या कार्यालयाबाहेर ठेवा.

मूळ वह्या धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात, जुन्या दफ्तरांसारख्या बासनात बांधा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर हवे. डांबरगोळ्या नकोत. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, पण रंग बदलला की त्या पुन्हा तापवून कोरड्या कराव्या लागतात. पाच वर्षे तशाच पडलेल्या पुडीचा उपयोग नाही.

प्रश्न : मुलाखती घेतल्या, पण कुणालाच नक्की साल आठवत नाही. (ऐरोली)

उत्तर : ‘कोणत्या साली?’ हा प्रश्नच विचारू नका. ‘मेळाव्याला कसे आलात?’ असे विचारा. ‘वाशी स्टेशनला उतरून रिक्षा केली’ म्हणाले तर तो मेळावा १९९२ किंवा त्यानंतरचा, कारण मानखुर्दहून वाशीला लोकल तेव्हा आली. ठाण्याहून थेट गाडीने नेरुळला आले असतील तर २००४ नंतरचा. पाहुणे ठाण्याचे ‘नगराध्यक्ष’ होते की ‘महापौर’? ठाणे महानगरपालिका ऑक्टोबर १९८२ मध्ये झाली, पण निवडून आलेला पहिला महापौर १९८६चा. मधली वर्षे प्रशासकाची. ‘२६ जुलैच्या पावसामुळे कार्यक्रम पुढे ढकलला’ हे वाक्य २००५ सांगते. लग्न, पहिली नोकरी, मुलाचा जन्म यांच्या आधी की नंतर, हेही माणसे अचूक सांगतात.

सोबत गट-छायाचित्र न्या. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढून क्रमांक द्या, आणि नावे वेगळ्या कागदावर लिहा. छायाचित्राच्या मागे बॉलपेनने लिहिले तर पुढच्या बाजूला उमटते. लिहायचेच तर मऊ पेन्सिलीने. मुलाखत तासाभराच्या वर नेऊ नका. मोबाइल विमान मोडवर, पंखा शक्यतो बंद. दोघांनी जावे, एकाने बोलावे, दुसऱ्याने टिपावे. निघताना ‘घरात जुनी पत्रिका, बिल्ला, पावती काही आहे का?’ हे विचारायचे राहू देऊ नका. पुष्कळदा खरा ऐवज तेव्हाच बाहेर येतो.

प्रश्न : फक्त अकरावी-बारावी आमच्याकडे केलेले माजी विद्यार्थी धरायचे का? आणि ‘बॅच’ प्रवेशाच्या वर्षाची की पदवीच्या? (वाशी)

उत्तर : पहिले तुमची नियमावली सांगेल. ती गप्प असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. इतिहासाच्या लेखकाने हा निर्णय स्वतः घेऊ नये. दुसऱ्याबाबत आमचे मत ठाम आहे: उत्तीर्ण होण्याचे वर्ष धरा आणि तसे स्पष्ट छापा. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ची. त्याआधी अकरावीची शालान्त देऊन महाविद्यालयात पदवीपर्यंत चार वर्षे, इंटर वगैरे धरून. नंतर कनिष्ठ महाविद्यालय दोन आणि पदवी तीन. त्यामुळे एकाच वर्षी प्रवेश घेतलेले दोघे वेगवेगळ्या वर्षी पदवीधर झालेले असतात. शंका आली तर महाविद्यालयाचे जनरल रजिस्टर पाहावे.

प्रश्न : विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) पदवीधरांचे प्रतिनिधी असतात, कोकण पदवीधर मतदारसंघाचे आमदार असतात. हे माजी विद्यार्थी संघाच्या इतिहासात घ्यावे का? (बेलापूर)

उत्तर : या तीन निराळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर दहा प्रतिनिधी निवडून देतात. त्यासाठी विद्यापीठाकडे मतदार म्हणून नाव लागते, संघाचे सभासदत्व नव्हे. विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ राज्यघटनेच्या कलम १७१ मधून येतो आणि तिथे पदवी कोणत्या विद्यापीठाची हे पाहत नाहीत. तुमच्या संघाने मतदार नोंदणी केली असेल किंवा उमेदवार उभा केला असेल, तेवढेच घ्या. त्याच कायद्याने महाविद्यालय विकास समितीवर एक तरी माजी विद्यार्थी असावा लागतो. तिथे संघाचे कोण कधी होते, हे मात्र जरूर लिहा. समितीची इतिवृत्ते प्राचार्यांकडे असतात.

प्रश्न : प्राचार्य म्हणतात, इतिहास नॅकसाठी (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) उपयोगी पडेल असा लिहा. (ठाणे पूर्व)

उत्तर : नॅकच्या पाचव्या निकषातला ५.४ हा भाग माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा. त्यांना नोंदणी प्रमाणपत्र, हिशेबपत्रके आणि केलेल्या मदतीचे पुरावे हवे असतात. ती वेगळी फाइल करा. पुस्तक त्या साच्यात कोंबले की वाचवत नाही.

प्रश्न : २००१ची रौप्यमहोत्सवी स्मरणिका पेजमेकरमध्ये केली होती. सीडी आहे, पण उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी चिन्हे दिसतात. (घणसोली)

उत्तर : फाइल बिघडलेली नाही. तेव्हाचे मराठी फाँट युनिकोड नव्हते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांत प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी होती. नेमका कोणता फाँट होता ते शोधा, फाइलच्या फाँट-यादीत नाव दिसते. मग त्याच फाँटचा युनिकोड परिवर्तक वापरा. दुसऱ्या फाँटचा वापरला तर मजकूर अर्धवट बरोबर दिसतो आणि चूक पटकन लक्षात येत नाही. बदललेला मजकूर छापील स्मरणिकेसमोर ठेवून ओळीने वाचा. चुका ठरावीक जागी होतात: रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षराला लागते, ‘श्र’, ‘ज्ञ’, ‘द्य’ तुटतात, आणि आकडे उलटसुलट होतात. आकड्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण वर्गणी आणि साल यांतली चूक अर्थावरून कळत नाही. सीडीची आधी संगणकावर प्रत करून घ्या, घरी लिहिलेल्या सीडी वीस वर्षांनी भरवशाच्या नसतात.

२००० नंतरच्या काळाचा इतिहास लिहिताना हाच खड्डा सगळीकडे लागतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झाले, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२०मध्ये. त्यांवर ठरलेले मेळावे, जमवलेल्या देणग्या, झालेले वाद यांची नोंद आता फक्त लोकांनी जपलेल्या ईमेलमध्ये आणि छापून ठेवलेल्या पानांत आहे. सध्याचे व्हॉट्सअ‍ॅप गट आजच ‘एक्सपोर्ट’ करून ठेवा, सभासदांना सांगून.

प्रश्न : नव्वदच्या दशकात संघात फूट पडली, हिशेबावरून आरोप झाले. ते लिहायचे की गाळायचे? (चरई, ठाणे)

उत्तर : लिहायचे. तीन वर्षे सभाच झाल्या नाहीत हे वाचकाला कळतेच, आणि कारण न दिल्यास तो आपल्या मनाने कारण जोडतो, ते बहुधा खऱ्याहून वाईट असते. पण लिहिताना ठरावाचे शब्द, लेखापरीक्षकाचा शेरा, आदेशाची तारीख आणि निकाल एवढेच द्या. ‘अफरातफर’ हा शब्द एखाद्या आदेशात असेल तरच तुमच्या पुस्तकात असावा. लेखापरीक्षकाने ‘पावत्या उपलब्ध नाहीत’ म्हटले असेल तर तेवढेच लिहा; पावती नसणे आणि पैसे खाणे यांत फार अंतर आहे. ज्यांच्यावर आरोप झाले ते हयात असतील तर छपाईआधी मजकूर दाखवून त्यांचे म्हणणे लेखी घ्या. नसतील तर कुटुंबाला कळवा. फुटून निघालेल्यांनी वेगळा गट चालवला असेल तर त्यांच्या कामालाही पाने द्या, तेही तुमच्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी.

प्रश्न : परदेशातले सभासद पुस्तकासाठी पैसे पाठवू म्हणतात. घ्यावेत का? (सीवूड्स)

उत्तर : भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी अंशदान ठरत नाही, पारपत्राची प्रत घेऊन ठेवा. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले त्यांची देणगी मात्र परदेशी अंशदानच, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी. परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खाते नसेल, तर ती घेऊ नका. ‘चिटणिसांच्या वैयक्तिक खात्यात घेऊ’ हा उपाय कुणी सुचवेल, तो करू नका.

प्रश्न : पुस्तक किती पानांचे, किती प्रती? (माजिवडा, ठाणे)

उत्तर : डेमी आकाराच्या पानावर बारा पॉइंटच्या मराठी टाइपात साधारण ३०० शब्द बसतात. चाळीस हजार शब्द म्हणजे सुमारे १३५ पाने. अनुक्रमणिका, पदाधिकाऱ्यांची वर्षवार यादी, सूची धरून १६० करा. फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेला ताव) सोळा पानांचा असतो, म्हणजे बरोबर दहा फॉर्म. १६३ पाने केली तर उरलेली तेरा कोरी जातात किंवा उगाच भरावी लागतात. मजकुराला ८० जीएसएम मॅपलिथो. छायाचित्रे मजकुरात विखुरू नका, १३० जीएसएम आर्ट पेपरवर सोळा पानांचा एक वेगळा फॉर्म करा. तीनशेच्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाई, जास्त असतील तर ऑफसेट परवडते. सभासदांचे पत्ते आणि फोन छापू नका. जुन्या स्मरणिकांत ते असत, आता नको.

शुभेच्छा-संदेशांना एक फॉर्म, याहून जास्त देऊ नका. नामसूची मात्र हवीच. माणूस पुस्तक हातात घेतल्यावर आधी स्वतःचे आणि मित्राचे नाव शोधतो, आणि नाव राहिले असेल तर ते पहिल्या आवृत्तीतच कळते.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन, विनामूल्य मिळतो; छपाईच्या बऱ्याच आधी अर्ज करा. प्रकाशनानंतर तीस दिवसांत १९५४च्या कायद्यानुसार कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईतले टाऊन हॉलच्या वास्तूतले मध्यवर्ती ग्रंथालय यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दोन द्या, एक देवघेवीसाठी आणि एक संदर्भासाठी. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाला एक नक्की द्या; ते १८९३ पासून मराठी पुस्तके सांभाळत आले आहे. स्कॅन केलेल्या इतिवृत्तांचा एक संच पेन ड्राइव्हवर घेऊन ग्रंथपालांकडे सुपूर्द करा आणि त्याची पोच घेऊन संघाच्या फाइलला लावा.